होळीची थंडाई, भांगेची गोळी आणि फडताळातलं बियांचं पाकीट

लिंबोणी (दादर)

होळी तीन आठवड्यांवर आलीये. सोसायटीच्या ग्रुपवर "यंदा थंडाई कोणाकडे?" सुरू झालं आणि गेल्या वर्षीची धुळवड परत डोळ्यांपुढे उभी राहिली. इथे स्वयंपाकातली आणि इतरही जाणकार मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे गच्चीवर रंग खेळतात. गेल्या वर्षी एका घरातल्या मुलाने बाहेरगावाहून भांगेच्या गोळ्या आणल्या होत्या. मोठ्या माणसांसाठी म्हणून त्याने एका पातेल्यात त्या घोटल्या, दुसरं पातेलं साधं ठेवलं. दोन्ही स्टीलची, दोन्हींवर ताट झाकलेलं. दुपारी साडेबाराला सगळं आवरताना "शेवटची उरलीये, वाया कशाला" म्हणत सासूबाईंनी पातेल्याच्या तळाची अर्धा पेला थंडाई घेतली. त्यांचं वय ७१, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. घरी आल्या, आंघोळ केली, जेवल्या. काही नाही.

दोनच्या सुमारास तव्यावर पुरणपोळी गरम करत होत्या. पोळी जळून धूर झाला तरी तशाच उभ्या. मी गॅस बंद केला तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, माझा हात किती लांब गेलाय बघ." मग घाम, छातीत धडधड, आणि दर दोन मिनिटांनी "किती वाजले गं?" मला वाटलं अर्धांगाचा झटका. दवाखान्यात नेलं, डोक्याचा स्कॅन झाला, रक्त घेतलं, आणि संध्याकाळी आठ वाजेपर्यंत कुणालाच कळेना काय झालंय. शेवटी तो मुलगा स्वतः आला आणि रडत रडत सगळं सांगितलं. तोवर त्याला वाटत होतं, अर्ध्या पेल्याने काय होतंय. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. सकाळी ठीक होत्या, पण दोन दिवस चालताना भिंत धरत होत्या.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक म्हणजे घेतल्यावर दीड तास काहीच नाही आणि मग एकदम एवढं, हे कसं? दुसरं, माझ्या लेकीने ऑनलाइन 'हेम्प सीड्स' मागवले आहेत. पाकिटावर भांगेचं पान छापलंय. ते पाहिल्यापासून सासूबाई त्या फडताळाला हात लावत नाहीत आणि मलाही लावू देत नाहीत. ते नक्की काय आहे? खायचं की फेकायचं?

रात्रपाळी

लिंबोणीताई, मी अपघात विभागात परिचारिका आहे, अठरा वर्षं झाली. धुळवडीच्या संध्याकाळी असे रुग्ण आमच्याकडे दरवर्षी येतात. तुमच्या सासूबाईंचं वर्णन वाचून एकही गोष्ट नवीन वाटली नाही. "किती वाजले" हा प्रश्न तर हमखास असतो, कारण भांगेत वेळेचं भानच ताणलं जातं. पाच मिनिटं तासभर वाटतात आणि माणसाला वाटतं आपण आता यातून बाहेर येतच नाही.

उशिरा का चढते ते सांगते. भांग आणि गांजा एकाच झाडाचे. गांजा ओढला की त्यातलं नशेचं द्रव्य, टीएचसी, फुप्फुसातून थेट रक्तात जातं आणि काही मिनिटांत कळतं. खाल्लं किंवा प्यायलं की ते आधी पोटात, मग आतड्यात, मग यकृतात. यकृतात त्याचं रूप बदलतं आणि हे बदललेलं रूप मेंदूवर जास्त जोराने काम करतं. या सगळ्याला अर्धा तास ते दोन तास लागतात. पोट भरलेलं असेल तर आणखी उशीर. जोर दोन ते चार तासांनी सर्वांत जास्त असतो आणि उतरायला सहा-आठ तास, वयस्कर माणसात त्याहून जास्तही लागतात. म्हणजे साडेबाराला घेतलेली दोनला चढली, हे अगदी हिशोबात बसतं.

खरा घात या मधल्या वेळात होतो. पाऊण तास काही वाटलं नाही की लोक म्हणतात "गोळी फुसकी निघाली" आणि दुसरा पेला घेतात. मग दोन्ही एकत्र चढतात. आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलांपैकी बहुतेकांची हीच कहाणी असते.

दुसरं, ताई, तुम्ही लिहिलंय की तळाची थंडाई घेतली. हे महत्त्वाचं आहे. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. वाटलेला पाला खाली बसतो, साय आणि बदामाचा गोळा त्याला धरून ठेवतो. वरचा पेला आणि तळाचा पेला यांत मोठा फरक पडू शकतो. अर्धा पेला हे माप इथे काहीच सांगत नाही.

वयस्कर माणसांत धडधड वाढते, उठताना रक्तदाब घसरतो आणि तोल जातो. पडून खुब्याचं हाड मोडणं हा धोका मला नशेपेक्षा मोठा वाटतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, हृदयविकाराची औषधं घेणाऱ्यांनी तर वाटेलाही जाऊ नये. लहान मुलांचं आणखी वेगळं. ती गुंगतात, हाका मारून उठत नाहीत, श्वास मंदावतो. मूल भांगेचा पेढा किंवा थंडाई प्यायलं अशी नुसती शंका आली तरी 'उतरेल' म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

आणि हात जोडून सांगते, डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी किंवा पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात आणि आम्ही झटका, साखर, मेंदूज्वर असं सगळं शोधत बसतो. भांगेवर उतारा देणारं इंजेक्शन नाही. शांत खोली, कुशीवर झोपवणं, सलाईन, नाडी-श्वासावर लक्ष, एवढंच असतं. पण काय घेतलंय ते ठाऊक असलं की स्कॅन आणि सुया वाचू शकतात. घरी उतारा म्हणून चिंचेचं पाणी, लिंबाचं लोणचं, तूप असं काही गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घालू नका. ठसका लागून श्वासनलिकेत जातं.

जुना_गिरगावकर

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमच्याकडे धुळवडीला थंडाई व्हायचीच. भांग मात्र कधी घातली नाही. आजी म्हणायची, ज्याला प्यायची त्याने बाबुलनाथाच्या पायऱ्या उतरल्यावर काय ते बघावं, माझ्या पातेल्यात नको. चाळीत पन्नास पोरं, कुणाच्या हाती कुठला पेला जाईल कोण बघणार? लिंबोणी, तुमच्या गच्चीवर नेमकं तेच झालं.

थंडाईची खरी गंमत मसाल्यात आहे आणि भांगेच्या गडबडीत लोक तेच विसरलेत. आमचं माप सांगतो, बारा पेल्यांचं. दोन लिटर म्हशीचं दूध आदल्या दिवशी तापवून गार करायचं. साठ बदाम, चार मोठे चमचे मगजबी, तीन चमचे खसखस, तीन चमचे बडीशेप, पंचवीस-तीस मिरे, बारा वेलदोडे आणि मूठभर सुकलेल्या गुलाबपाकळ्या. बदाम आणि खसखस वेगवेगळी भिजवायची, रात्रभर. बडीशेप-मिरे चार तास पुरेत. मिक्सरमध्ये सगळं एकदम टाकलंत तर खसखस अख्खी राहते आणि थंडाई वाळूसारखी लागते. आजी पाट्यावर आधी खसखस एकटी घ्यायची, वरवंटा फिरवत फिरवत ती पांढरी लोण्यासारखी होईतो. मग त्यात बदाम. मिक्सर वापरायचाच तर खसखस थोड्या दुधाबरोबर एकटी फिरवा, दोनदा थांबून भांड्याच्या कडा खरवडा. मग पंचा घेऊन गाळायचं, चोथ्यावर पुन्हा पेलाभर दूध ओतून पुन्हा पिळायचं. साखर पाव किलोच्या आत. केशर कोमट दुधात.

मिऱ्यांना कचरू नका. गार दूध पिऊन घशात शेवटी जो चटका येतो, ती थंडाई. पिस्ते-बदामाचा माल मशीद बंदरला घ्या, गुलाबपाकळ्या भुलेश्वरला ताज्या वासाच्या मिळतात.

आपल्या भाषेत 'तुळशीत भांग' म्हणतात ते उगीच नाही. हे झाड जुन्या लोकांच्या चांगलंच ओळखीचं होतं आणि ते कुठे उगवलं तर खटकतं हेही त्यांना ठाऊक होतं.

नवखा_बल्लव

थोडं वेगळं विचारतो. मी एकटा राहतो, अंधेरीला. परदेशी व्हिडिओंमध्ये लोक घरी भांगेचं लोणी बनवून त्याचे केक, बिस्किटं करतात. होळीला मित्र येणार आहेत. आपल्याकडे भांग तर परंपरेतच आहे ना, मग घरी बेतानं करायला काय हरकत आहे?

फौजदारी_वकील

बल्लवराव, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण "भांग कायदेशीर आहे" हे अर्धवट वाक्य मुंबईत फार फिरतं.

केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, १९८५ चा. त्यात चरस आणि गांजा बंद आहेत. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंडे सोबत नसतील तर नुसत्या बिया आणि नुसती पानं त्या व्याख्येतून बाहेर आहेत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्यातून निसटते. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामिनाच्या आदेशात हाच मुद्दा घेतला आणि त्याच्या बातम्या झाल्या. लोक इथेच वाचायचं थांबतात.

पुढचा भाग असा की पानांचं काय करायचं हे प्रत्येक राज्य ठरवतं. उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा (आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा) लागू आहे आणि त्यातल्या मादक द्रव्याच्या व्याख्येत भांग नावानिशी आहे. परवान्याशिवाय जवळ बाळगणं, विकणं हा इथे गुन्हा आहे. बनारसहून पावती घेऊन आणलेली गोळी मुंबईत उतरली की त्या पावतीचा उपयोग नाही.

तुम्ही म्हणता त्या व्हिडिओतलं लोणी तर पानांचं नसतंच, फुलोऱ्याचं असतं. म्हणजे सरळ गांजा, सरळ एनडीपीएस. आणि कुणी 'घरच्या घरी कुंडीत लावतो' म्हणत असेल तर कलम २० बघा: झाड लावणं हाच गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तिथे पान की फूल हा वाद येत नाही. बाल्कनीतली एक कुंडीही झाडच.

लिंबोणीताईंच्या प्रसंगात मुलाचा हेतू वाईट नव्हता हे दिसतंय. पण न सांगता कुणाला गुंगीचा पदार्थ देणं, इजा करण्याच्या हेतूने किंवा इजा होईल हे ठाऊक असताना, हा भारतीय न्याय संहितेत कलम १२३ खाली गंभीर गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. "गंमत म्हणून घातली" असं न्यायालयात सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांचे चेहरे आठवतात.

रात्रपाळी

बल्लव, 'बेतानं' या शब्दावर थोडं बोलते. कॅनडात २०१९ पासून असे पदार्थ दुकानात मिळतात. तिथे प्रयोगशाळेत मोजून एका पाकिटात १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी ठेवू देत नाहीत. एका अख्ख्या पाकिटात. टपरीवरच्या गोळीत किंवा घरच्या लोण्यात किती आहे, हे मोजायचं साधन तुमच्या ओट्यावर नाही. चवीवरून, रंगावरून, वासावरून कळत नाही. दोन ढवळण्यांमध्ये लोणी सारखं पसरलं नाही तर एका बिस्किटात काहीच नाही आणि शेजारच्यात चौघांचं. गेल्या पाच वर्षांत माझ्यासमोर आलेली मुलं वाईट नव्हती, निष्काळजीही नव्हती. त्यांनी बेतानंच केलं होतं.

मित्रांना जुन्या गिरगावकरांची थंडाई पाजा. खरंच.

नवखा_बल्लव

समजलं. कुंडीचं आणि फुलोऱ्याचं मला खरोखर ठाऊक नव्हतं. थंडाईच करतो. काका, पाटा नाही, मिक्सरवरच भागवावं लागेल.

पिठोरगडची_सून (कांदिवली)

आता त्या हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच बियांच्या पाकिटाचं मी सांगते, कारण माझ्या सासरी हा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे.

मी मूळची चिपळूणची, सासर उत्तराखंडातल्या कुमाऊंचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा थाळीत हिरवट-करडी चटणी आली. सासूबाई म्हणाल्या, भांगेची आहे. मी घास हातात धरून बसले. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. डब्यातून मूठभर बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, चावून बघ. छोटी करडी गोल बी, त्यावर बारीक जाळी. दाताखाली आली की आधी कडक टरफल फुटतं आणि मग आत तिळाहून मऊ, थोडं अक्रोडासारखं.

बीमध्ये स्वतःची नशा नसते. झाडाचं नशेचं द्रव्य फुलोऱ्यावरच्या चिकट बारीक केसांत असतं, बियांच्या टरफलाला तिथून लागेल तेवढंच, म्हणून बिया नीट स्वच्छ केलेल्या हव्यात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या वर नसावं अशी मर्यादा घातली. तेव्हा लिंबोणी, पाकिटावर परवाना क्रमांक, उत्पादक, तारीख बघ. ते असेल तर फेकू नकोस. सुट्ट्या, कुणीतरी पुडीत बांधून दिलेल्या मात्र घेऊ नकोस.

चटणीची कृती. अर्धी वाटी अख्ख्या बिया कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर. तीन-चार मिनिटांत तडतडायला लागतात, खमंग वास येतो. तिथेच उतरव, पुढे गेल्या तर कडू होतात. चमचाभर जिरं आणि दोन सुक्या मिरच्या त्याच तव्यावर. गार झाल्यावर आधी कोरडं बारीक वाट, मग थोडं पाणी, मूठभर कोथिंबीर, पाचसहा पुदिन्याची पानं, मीठ, आणि भरपूर लिंबू. तिकडे डोंगरी मोठं लिंबू घालतात, इथे दोन कागदी पुरतात. टरफलाचे कण दातात येतात, नको असतील तर वाटलेलं पाण्यात कालवून गाळून घे. सोललेल्या पांढऱ्या बिया मिळतात त्यांना हा त्रास नाही, पण भाजल्यावर तो टरफलाचा धुरकट वास येत नाही. माझ्या मते चटणीला अख्ख्याच.

खायची बटाट्याच्या गुटक्यांबरोबर, म्हणजे आपल्या कोरड्या बटाट्याच्या भाजीसारखं, आणि मंडुव्याच्या रोटीशी. मंडुवा म्हणजे आपली नाचणी! कोकणातून पिठोरगडला जाऊन मला नाचणीची भाकरीच भेटली तेव्हा फार भरून आलं होतं.

आणि एक नीट लक्षात ठेव. तिकडे 'भंगजीर' किंवा 'भंगीरा' नावाचंही बी मिळतं. ते वेगळंच झाड, तुळशीच्या कुळातलं. त्याचीही चटणी करतात. नावावरून गफलत होते.

बियांत पाव हिस्सा प्रथिनं आणि तिसरा हिस्सा तेल असतं, म्हणून उघडं पाकीट मुंबईच्या दमट हवेत लवकर खवट होतं. बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेव. तेल तळणीला वापरू नकोस, जास्त तापलं की बिघडतं. वरून घ्यायचं, जवसाच्या तेलासारखं.

वऱ्हाडी_ताट

नावांच्या गफलतीत आमची अंबाडी पण धरा. शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पान पाच बोटांचं, भांगेसारखं फाटलेलं, म्हणून ते नाव. तिच्या वाखाला इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणायचे आणि तागालाही सन हेम्प. दोन्हींचा भांगेशी काही संबंध नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाने अंबाडीच्या जुडीचा फोटो पाहून "हे काय विकतात?" विचारलं होतं.

पाला उकडून आंबट पाणी थोडं काढून टाकायचं, त्यात शिजलेली तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, आणि घोटायचं. वर तेलात लसूण लाल करून ती फोडणी, ताटात. कळणाची भाकरी असली तर दुसरं काही लागत नाही. पिठोरगडच्या वहिनी, तुमच्या चटणीबरोबर आमच्या कारळ्याच्या चटणीची जोडी जमेल असं वाटतं. पोत तोच दिसतोय.

पिठोरगडची_सून (कांदिवली)

जमतेच. मी अर्ध्या कारळ्या, अर्ध्या भांगेच्या बिया घेते कधी कधी. मग लिंबू नाही घालायचं, कोरडी ठेवायची.

लिंबोणी (दादर)

होळी झाली. लिहायला उशीर झाला, माफ करा.

वकीलसाहेबांचं आणि रात्रपाळीताईंचं सगळं मी सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवलं. गेल्या वर्षीचा तो मुलगाही होता. त्यानेच सुचवलं की यंदा गच्चीवर एकच पातेलं असेल आणि ते आमच्या घरून येईल. आदल्या रात्री तो खसखस फिरवायला आला. दोनदा थांबून भांड्याच्या कडा खरवडल्या, काका. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. पंचाने गाळायची वेळ आली तेव्हा त्या उठल्या, म्हणाल्या, "पिळ असा नाही देत", आणि पंचा त्याच्या हातातून घेतला.

पाकिटावर परवाना क्रमांक होता. लेकीने चटणी केली, अख्ख्या बियांची, आणि नाचणीची भाकरी. मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं होतं, आग्रह केला नाही. त्यांनी एक बी तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली, परत बरणीत टाकली. नाही खाल्ली. पण बरणी फडताळात पुढच्या रांगेत आली होती, जवसाच्या शेजारी, आणि काल त्यांनीच तिचं झाकण घट्ट लावून ती फ्रिजमध्ये ठेवली.

पिठोरगडच्या वहिनी, लेक विचारतेय, गाळून उरलेल्या टरफलांचं तिकडे काय करतात?